सेट

रुद्राणीने सापळा लावण्याचा अर्थ सांगितला तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस हसला. मोठ्याने नाही, ओठ मिटलेलेच ठेवून, नाकातून हवा सोडल्यासारखं. मग त्याने समोरची पाण्याची बाटली उगाच थोडी सरकवली. बाकीचे तसेच बसून होते. मधोमध संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह, त्यांच्या एका हाताला कॉलेजचे प्राचार्य, दुसऱ्या हाताला बाहेरून आलेले वयस्कर विषयतज्ज्ञ. हसणारा माणूस कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. मुलाखत संपत आली होती आणि विषयतज्ज्ञांनी अगदी सहज विचारलं होतं की मॅडम, तुम्ही सेट पास आहात, तर या सेट शब्दाचे अर्थ तरी किती सांगाल. प्राध्यापक व्हायला जी पात्रता परीक्षा द्यावी लागते तिचं नाव सेट, त्यावरून केलेला हा हलकासा विनोद होता. रुद्राणीला मात्र प्रश्न ऐकून आतून उजळल्यासारखं झालं. हा शब्द तिचा लाडका होता. दरवर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्गात ती तो फळ्यावर लिहायची आणि पोरांना सांगायची की इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांना भिऊ नका, ते बिचारे एकाच अर्थाचे असतात. भ्यायचं तर असल्या इवल्याशा शब्दांना. मग ती सांगत गेली. सूर्य मावळतो तेही सेट, दही लागतं तेही सेट. मोडलेलं हाड बसवतात, गजर लावतात, परीक्षेचा पेपर काढतात, नाटकाचा देखावा उभा करतात, सगळ्याला हा एकच शब्द. प्रत्येक अर्थाला तिने इंग्रजीत एकेक वाक्य दिलं, आणि बोलता बोलता तिचा आवाज वर्गातल्यासारखा मोकळा झाला, हातही हलायला लागले. सापळ्यासाठी तिने उंदराचं वाक्य केलं होतं. त्या हसण्याने ती क्षणभर अडखळली. वाटलं, उच्चार चुकला की काय. विषयतज्ज्ञांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला आणि मान वर केली नाही. अध्यक्ष म्हणाले की बस मॅडम, तुमी तर चालती-बोलती डिक्शनरी हाय. मग सगळेच हसले, आणि त्या सगळ्यांच्या हसण्यात ते पहिलं हसणं विरून गेलं.

ती व्हरांड्यात आली. आता समोर कॉलेजचं ओळखीचं पटांगण होतं, कडेला लिंबाची झाडं, सायकली, ऊन. नेकनूरच्या या कॉलेजात ती किती वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती हे मोजायचं तिने सोडून दिलं होतं. तासिका तत्त्व म्हणजे जूनमध्ये ठेवायचं, एप्रिलमध्ये मोकळं करायचं, आणि पुढच्या जूनला पुन्हा ओळख नसल्यासारखा अर्ज मागायचा. बीडहून सकाळची बस, मांजरसुंब्याचा घाट, नेकनूर, आणि दुपार कलल्यावर परत. इंग्रजीची कायम जागा निघणार, निघणार, असं ऐकता ऐकता तिचे कानाजवळचे केस पांढरे झाले. जागा निघाली ती कळवली बसवेश्वरने, तिच्या नवऱ्याने. तो याच संस्थेच्या चकलांब्याच्या हायस्कुलात क्लार्क होता. तिकडेच खोली करून राहायचा, शनिवारी बीडला यायचा, सोमवारी उजाडायच्या आत निघायचा. बीडच्या शाळेत बदली मिळावी म्हणून तो अध्यक्षांच्या दारात किती वेळा उभा राहून आला होता. तिची नोकरी आणि त्याची बदली, त्यांच्या संसारात वाट बघायला या दोनच गोष्टी होत्या. मूल नव्हतं. त्याची वाट बघणं तर कधीच सोडून झालं होतं.

बसवेश्वर फोनवर म्हणाला होता की यंदा जागा तुझीच हाय. संस्थेत जागा कशा भरतात हे काय तिला ठाऊक नव्हतं? तीच म्हणाली की कशाला, कुणाचं तरी आधीच ठरलेलं असेल. तेव्हा तो चिडला. तू एवढी शिकलेली, अन् तूच असं म्हणली तर लोकानं काय म्हणावं, असं बोलला. मग रोज संध्याकाळी, शाळा सुटली की, तो चकलांब्याहून फोन लावून तिची मुलाखत घ्यायला लागला. त्याला इंग्रजी यायचं नाही. तिनेच त्याला प्रश्न पाठवले होते. ते तो अडखळत वाचायचा, तिचं उत्तर संपेपर्यंत गप्प राहायचा, आणि मग म्हणायचा, लई मस्त, पण जरा सावकाश बोल. ती गच्चीवर फेऱ्या मारत बोलायची. खाली सासूबाईंचा कुकर शिट्ट्या देत असायचा, खंडेश्वरीच्या देवळाच्या बाजूला ऊन उतरत असायचं, आणि कानात त्याचा श्वास. एकदा त्याने अध्यक्षांचा घोगरा आवाज काढून विचारलं, मॅडम, तुमाला हीच नोकरी कावून पाहिजे? तिला इतकं हसू आलं की ती कठड्याला टेकून खाली बसली. लग्नानंतर इतकं सलग आपण कधी बोललोच नव्हतो, हे तिच्या ध्यानात आलं. नोकरी लागो न लागो, एवढं तर पदरात पडलं, असंही तिने मनाशी म्हणून टाकलं होतं. आज निळी इरकल नेसायचंही त्यानेच सांगितलं. त्या पातळात तू आत्ताच प्राध्यापक दिसतीस, असं म्हणाला होता.

मुलाखतीला एकूण तीनच उमेदवार आले होते. एक ती. दुसरी सायली, तिची जुनी विद्यार्थिनी. सायली अध्यक्षांची पुतणी होती, पण रुद्राणीच्या घरी ती कुणाची पुतणी म्हणून आली नव्हती. सेटची तयारी करायला दर रविवारी यायची, स्वयंपाकघरात पाट ओढून बसायची, सासूबाईंच्या हातची धपाटी मागून खायची. ती पहिल्याच खेपेला पास झाली तेव्हा रुद्राणीने गल्लीत पेढे वाटले होते. आज तिला व्हरांड्यात बसलेली बघून रुद्राणीने लगेच स्वतःला समजावलं की पोरगी नवी आहे, अनुभवासाठी आली असेल; शिकवण्याची वर्षं आपल्याकडे आहेत. तिसरा केजकडचा हनुमान नावाचा एक माणूस. त्याने मुलाखतीआधी तिला हळूच विचारलं होतं की तुमाला कुणी पाठवलं. प्रश्न तिला जरा विचित्र वाटला, तरी तिने सांगितलं, मिस्टरांनी. त्याने मान डोलावली, मला आमच्या हेडसरांनी, म्हणाला, आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. आत त्याला किती वेळ बसवलं ते तिने पाहिलं नाही, पण तो बाहेर आला तो कुणाकडे न बघता चपला घालून थेट बसथांब्याकडे गेला.

सायली शेवटी बाहेर आली आणि आल्या आल्या रुद्राणीच्या पाया पडली. बसची वाट बघू नका मॅडम, मी बीडलाच चाललेय, गाडीतून सोडते, असा आग्रह धरला. रस्ताभर ती बोलत होती. व्याकरणातला कुठला नियम विचारला, कुठल्या कवितेवर अडले. रुद्राणी ऐकत होती आणि मनात आपलीच उत्तरं पुन्हा तपासत होती. मांजरसुंब्याला सायलीने ड्रायव्हरला गाडी ढाब्यापुढे घ्यायला लावली. चहा घेऊ मॅडम, आज तर घ्यायलाच पाहिजे, म्हणाली. चौकात ट्रक उभे होते, डिझेलचा आणि तळणीचा वास एकत्र येत होता. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सायलीने एकदम रुद्राणीचा हात हातात घेतला.

"मॅडम, तुम्ही आलात म्हणून झालं. सेट झालेलं तिसरं कुणी मिळतच नव्हतं. तिघं तरी हजर पाहिजेत, नाहीतर मुलाखतच रद्द करून परत जाहिरात काढावी लागली असती."

रुद्राणीने चहाचा कप उचलला होता. तो तिने तसाच धरून ठेवला. सायली डोळ्यांत पाणी आणून बोलत होती आणि ते पाणी खरं होतं. तिला आठवडाभर काळजी लागली होती म्हणे, मॅडम येतील का, मॅडमना वाईट तर वाटणार नाही. शेवटी तिने काकांना विचारलं. काका म्हणाले की तू नको घाबरू, त्यांच्या मिस्टरांशी बोलून सगळं सेट केलंय.

"आता सरही बीडला येतील. ते बरं झालं, नाही का मॅडम? मला तेवढंच समाधान वाटलं."

मग कुठेतरी सायलीच्या ध्यानात आलं असावं. तिने हात सोडला नाही, पण तिच्या बोटांतली ऊब गेल्यासारखी झाली. हळू आवाजात तिने विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? आणि रुद्राणी म्हणाली, हो. नंतर कितीतरी वेळ ती याच एका होकाराशी झटापट करत राहिली. नाही म्हणायला काय हरकत होती. पण त्या क्षणी तिला एवढंच वाटलं की एका अख्ख्या टेबलाला, केजच्या अनोळखी माणसाला, या कालच्या पोरीला, कदाचित गाडीच्या ड्रायव्हरलाही जे ठाऊक होतं, ते आपल्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं हे कुणाला दिसता कामा नये. उघडं पडण्यापेक्षा त्यांच्यातली एक होणं तिने पत्करलं. हो, माहीत होतं, असं तिने पुन्हाही म्हटलं, आणि सायलीचा चेहरा इतका सुटल्यासारखा झाला की रुद्राणीने तिच्या पाठीवर थोपटलंसुद्धा. मग इथे आमच्या ओळखीतलं एक घर आहे, त्यांना भेटून मी बसने येते, असं सांगून तिने गाडी पुढे धाडली.

ओळखीतलं घर काही नव्हतं. ती चौकातल्या थांब्यावर लिंबाखाली उभी राहिली. बीडच्या बसगाड्या येत होत्या, कंडक्टर हाळी देत होते, आणि प्रत्येक बस आली की ती दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा मागे येत होती. राग येईल असं तिला वाटलं होतं, पण राग येत नव्हता. येत होती ती लाज, आणि तीही निळ्या इरकलीची. आपण या पातळाच्या निऱ्या आज सकाळी दोनदा काढून पुन्हा घातल्या होत्या. काठ सारखा यावा म्हणून आरशापुढे उभं राहिलो होतो. आणि तो शब्द, तो किती हौसेने उलगडून दाखवला. हात हलवून, वाक्यं करून. टोकाला बसलेला माणूस हसणार नाही तर काय करील. तिला आता तो माणूस वाईट वाटेना. त्याला निदान हसू आलं. विषयतज्ज्ञांनी मात्र चष्मा पुसला होता. त्यांनी तो प्रश्न नुसता वेळ काढायला विचारला होता, की त्या शब्दातून ते आपल्याला काही सांगू बघत होते? सांगायचं होतं तर नीट का नाही सांगितलं? की अशा जागी येऊन येऊन त्या म्हाताऱ्या माणसालाही एवढंच उरलं होतं, आडून एखादा शब्द टाकायचा आणि मग काच पुसत बसायचं? याचं उत्तर तिला कधी मिळणार नव्हतं.

तिला वडिलांचं दुकान आठवलं. शंकरप्पांचं भांड्यांचं दुकान बीडमध्ये माळीवेशीत होतं, आणि लग्नसराईत तिथे सेट हाच एक शब्द दिवसभर चालायचा. लेमन सेट, कपबशांचा सेट, स्टीलच्या डब्यांचा सेट. शाळेतून आली की ती गल्ल्यामागे पोत्यावर बसायची. एखादं गिऱ्हाईक यायचं, आमच्या सेटातला एक ग्लास फुटलाय, तसलाच एक काढून द्या म्हणायचं. एरवी मऊ बोलणारे शंकरप्पा तेव्हा कठीण व्हायचे. सेट फोडत नसतो, म्हणायचे. एक काढला की मागं राहिलेल्याला कोण विचारतंय. कधीकधी माल उतरवताना कारखान्याकडूनच एखादा नग कमी यायचा, तेव्हा ते दुसऱ्या खोक्यातला जवळपास तसाच दिसणारा ग्लास काढून त्या जागी बसवायचे, नक्षीची बाजू आत वळवून. खोकं भरलेलं दिसलं म्हणजे झालं. लहानपणी तिला त्या कामात मौज वाटायची. कुठला ग्लास परका आहे हे ती न चुकता ओळखायची आणि वडील तिला डोळ्यांनी गप्प बस म्हणायचे. आता एसटीच्या थांब्यावर तिला तो ग्लास नको तितका स्पष्ट दिसला. त्याला कुणी फोडलं नव्हतं, टाकलं नव्हतं, उलट जपून पुसून कागदात गुंडाळून ठेवलं होतं.

पर्समध्ये फोन वाजत होता. तिला न बघताही कळलं की तो बसवेश्वरचा आहे. तिने उचलला नाही. त्याच्याशी झालेली एकेक संध्याकाळ ती आता पुन्हा हातात घेऊन बघत होती, आणि प्रत्येक संध्याकाळ उलटी करताच खाली काहीतरी दिसत होतं. जरा सावकाश बोल, म्हणायचा; सावकाश का, घाई कुणाला होती? मागच्या शनिवारी त्याने जेवताना म्हटलं होतं की एकदा ही बदली झाली की आपण सेट झालो बघ. तिने तेव्हा त्याच्या ताटात भाकरी वाढली होती आणि आधी माझं होऊ द्या, असं थट्टेने म्हटलं होतं. तो खाली बघून जेवत राहिला. तेव्हाच ठरलं होतं का? की त्याही आधी, जाहिरात आली त्याच दिवशी? कुठपर्यंत मागे जायचं हे तिला कळेना. गच्चीवर ती हसून खाली बसली, ती संध्याकाळ त्याच्या अलीकडची की पलीकडची, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि तेवढंच विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. सासूबाई शांतादेवी ओट्यावर वाट बघत होत्या. सकाळी त्यांनीच तिच्या कपाळाला विभूती लावून दिली होती. कशी झाली, म्हणून त्यांनी विचारलं, आणि चांगली झाली म्हटल्यावर देवघराकडे बघून हात जोडले. रुद्राणीने त्यांच्या चेहऱ्यावर काही शोधून पाहिलं. तिथे नेहमीची काळजी होती, दुसरं काही नव्हतं. किंवा असलं तर तिला दिसलं नाही. आज तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच भरवसा गेला होता. ती नेहमीच्या वेळी गच्चीवर गेली आणि नेहमीच्या वेळी फोन आला. या वेळी तिने उचलला. दुपारी उचलला न्हाईस, म्हणून त्याने काळजीने विचारलं. मग काय काय विचारलं ते सांग, असं म्हणाला. ती सांगत गेली. सेटचा प्रश्नही सांगितला. तो, लई मस्त, म्हणाला, नेहमीच्याच सुरात. ती मधेमधे थांबत होती, मुद्दाम, त्याला जागा मिळावी म्हणून. तो आता बोलेल, आत्ता बोलेल. नुसतं ऐक, एक सांगायचंय, एवढं म्हणाला तरी पुरे, असं तिला वाटत होतं. ती अजून त्याला सोडून द्यायला तयार होती. शेवटी ती म्हणाली की सायलीसुद्धा आली होती मुलाखतीला.

"सायली?" तो म्हणाला. "ती कावून आलती?"

त्या आवाजात नवल होतं, थोडी चीड होती, आणि बायकोच्या बाजूची काळजी होती. सगळं बरोबर प्रमाणात होतं. इतकं बरोबर की तिने फोन कानापासून दूर करून त्याच्याकडे पाहिलं. बसवेश्वरला अध्यक्षांचा आवाज काढता येतो हे तिला ठाऊक होतं. त्याचा स्वतःचाही काढता येतो, हे तिला आज कळलं.

निकाल आणि बदली, दोन्ही एकाच आठवड्यात आली. शांतादेवींना एकाचं दुःख करावं की दुसऱ्याचा आनंद, ते समजेना. त्या रुद्राणीसमोर तोंड बारीक करून बसायच्या आणि ती दुसऱ्या खोलीत गेली की शेजारणीला सांगायच्या, बसू येणार आता, कायमचा. तो आनंद लपवताना त्यांची उडणारी तारांबळ बघून रुद्राणीला त्यांच्यावर रागावता आलं नाही. म्हाताऱ्या बाईला आपला मुलगा घरात हवा होता, एवढंच. बदलीचं कसं जमलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. रुद्राणी नेकनूरला गेली, प्राचार्यांना भेटली, आणि पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही असं सांगितलं. प्राचार्य अवघडले. सायली नवी आहे, व्याकरण तुम्हीच बघा, तुमचे तास कुठे जात नाहीत, असं बरंच बोलले. त्यांनी कुठलंच वाईट वाक्य उच्चारलं नाही. ती फक्त नाही म्हणत राहिली, आणि चौथ्या-पाचव्या नाहीनंतर तिला जाणवलं की हा शब्द आपल्या तोंडाला किती नवा आहे. वर्गात शेवटच्या तासाला तिने कुणाला काही सांगितलं नाही. पाठ अर्धा राहिला होता, तो पुरा केला. बीडमध्येच एका छोट्या शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवायला बाई हव्या होत्या. तिथे ती स्वतः जाऊन विचारून आली आणि ते घरात कुणाच्या कानावर घातलं नाही.

बसवेश्वर रविवारी सकाळी छोट्या टेम्पोतून सामान घेऊन आला. चकलांब्याच्या खोलीतला त्याचा संसार तो केवढासा: गॅसची शेगडी, दोन बादल्या, पत्र्याची पेटी, गादीची वळकटी. शांतादेवींनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गुळातली गव्हाची हुग्गी ढवळायला आत पळाल्या. रुद्राणी सामान उतरवायला गेली. दोघांनी मिळून पेटी बाहेरच्या खोलीत आणली. तो घामाने भिजला होता आणि सारखा हसत होता. निकाल लागल्यावर फोनवरून त्याने तिची समजूत काढली होती, पुढच्या वेळी बघू म्हणाला होता. आणि ती हं म्हणाली होती. आता त्याने कपाळ पुसत तिच्याकडे पाहिलं, आणि झालं एकदाचं, असं म्हणून खाली बसला.

"रोज माझी मुलाखत घेत होतात," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना?"

त्याचं हसू लगेच गेलं नाही; चेहऱ्यावर थोडं रेंगाळलं. कुणी सांगितलं, हे त्याने आधी विचारलं. मग तो आवाज खाली करून, आत आईला जाऊ नये असा, भराभर सांगायला लागला. जागा सायलीचीच होती, पहिल्या दिवसापासून. अध्यक्षांनी त्याला बोलावून सांगितलं की तुझ्या बायकोला तेवढी उभी कर, तुझं काम करून टाकतो. ती उभी राहिली नसती तर त्यांनी दुसरं कुणी आणलं असतं. मग तिची नोकरीही गेली असती आणि त्याची बदलीही. त्यातलं एक तरी वाचवलं, याच्यात काय चुकलं? चकलांब्याला एकट्यानं किती दिवस काढायचे? तुझ्याचसाठी केलं, एका घरात राहाया मिळावं म्हणून केलं.

"तुला सांगितलं असतं तर तू गेलीच नसतीस."

"नसते गेले."

"मग?" तो म्हणाला. त्याला वाटलं, इथे तो जिंकला.

ती पेटीच्या कडीकडे बघत होती. त्याचं सगळं खरं होतं. हिशेब बरोबर होता, आणि त्या हिशेबात तिला विचारायची जागा कुठेच नव्हती. तिने विचारलं की मग रोजचे फोन कशाला, नुसतं जा म्हटलं असतं तरी मी गेले असते. त्याने पेटीवरची धूळ हाताने पुसली. 

"ते खरं व्हतं," तो शेवटी म्हणाला. "तुझं बोलणं ऐकाया बरं वाटायचं. मी तर ईसरूनच जायचो की तुझं हुनार न्हाई."

तिचा त्याच्यावर विश्वास बसला. याचंच तिला नंतर नवल वाटत राहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्या सगळ्या संध्याकाळी त्याला खरोखरच बरं वाटलं होतं, तिच्याइतकंच. पण खालचं घर विकून टाकलंय हे ठाऊक असणाऱ्याने गच्चीवर बसून चांदणं बघावं तसं ते होतं, आणि ती त्या चांदण्याला आपलं समजून बसली होती. रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. छातीत एक जागा होती जिथे रोज संध्याकाळची थोडी हुरहूर असायची, शनिवारी तर फारच. तिथे तिने चाचपून पाहिलं आणि तिथे काहीच हाताला लागलं नाही.

आपलं बोलणं झालं असं समजून तो उठला. त्याने वळकटी खांद्यावर घेतली आणि आतल्या खोलीच्या दाराकडे निघाला. ती दारात उभी होती. बाजूला झाली नाही.

"इथंच ठेवा ती," ती म्हणाली.

"इथं कावून?"

"तुमची बदली इथपर्यंतच झालीय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करते आहे का, हे त्याने तिच्या तोंडावर शोधलं, जसं ती हल्ली सगळ्यांच्या तोंडावर शोधायची. स्वयंपाकघरातून शांतादेवींनी हाक मारली, चला रे, निवून चाललंय. रुद्राणी आत गेली. तिने तीन ताटं घेतली, हुग्गी वाढली, वर तूप सोडलं. मागे बाहेरच्या खोलीत बराच वेळ काही हललं नाही. मग वळकटी फरशीवर ठेवल्याचा जड, दबका आवाज आला, आणि ती पाणी भरायला वळली.